नामवंतांची मुलाखत त्यांच्या बागेत कशी घ्यावी

नामवंत व्यक्तीला तिच्या कामाविषयी विचारले की उत्तरे बहुधा तयार असतात. तेच प्रश्न वर्षानुवर्षे ऐकून ती उत्तरे घासून गुळगुळीत झालेली असतात आणि त्यांत नवे काही सापडणे कठीण असते. बागेविषयी मात्र त्यांना सहसा कोणी खोलात जाऊन विचारलेले नसते. हे झाड कधी लावले, रोप कोणी दिले, कोणते जगले नाही, तुम्ही गावाला गेलात की पाणी कोण घालते, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांना जागच्या जागी आठवून द्यावी लागतात, आणि आठवत आठवत बोलणारा माणूस बोलता बोलता बरेच काही सांगून जातो. म्हणून झाडाविषयी विचारावे आणि आयुष्य त्याच्या मागून येऊ द्यावे, हे या मुलाखतीचे मुख्य सूत्र होय. उलट बाजूने गेलात आणि ‘बागेने तुम्हाला काय शिकवले?’ असे विचारलेत, तर हाती एखादा सुविचार लागेल, दुसरे काही नाही.

एका रोपातून किती निघू शकते, याचे चांगले उदाहरण नेल्सन मंडेला यांच्या आत्मकथनात आहे. १९८२ साली त्यांना पोल्समूर तुरुंगात हलवण्यात आले. तिथल्या गच्चीवर त्यांनी १६ तेलाची पिंपे मागून घेतली, ती मधोमध कापून घेतली आणि अशा ३२ कुंड्यांची बाग केली. त्याआधी रॉबेन बेटावरच्या तुरुंगातील बागेत टोमॅटोचे एक रोप त्यांनी फार निगुतीने वाढवले होते. ते पुढे सुकत गेले आणि मेले, तेव्हा त्यांनी त्याची मुळे धुतली आणि बागेच्या कोपऱ्यात पुरली. ही हकिकत त्यांनी पत्नी विनी यांना पत्रातून कळवली, आणि ती लिहिताना आपल्या नात्याची गत त्या रोपासारखी होऊ नये ही भावनाही मनात होती, असे त्यांनी नमूद केले आहे. तुरुंगवासाचा संसारावर काय परिणाम झाला, असा थेट प्रश्न विचारून इतके नेमके उत्तर क्वचितच मिळाले असते.

तयारीला बसताना एका कागदाचे दोन उभे रकाने करावेत. डावीकडे त्या व्यक्तीच्या आयुष्यातील ठळक घटना सालवार लिहाव्यात आणि उजवीकडे बागेविषयी जे ठाऊक असेल ते, म्हणजे घर कधी घेतले, जमीन केव्हा वाढवली, विहीर किंवा तळे कधी झाले, मोठे झाड कोणत्या वर्षी पडले, हे मांडावे. रकाने शेजारी शेजारी आले की प्रश्न दिसू लागतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचेच पाहा. १८८३ साली त्यांनी गिव्हर्नी येथील घर भाड्याने घेतले, १८९० साली ते विकत घेतले आणि १८९३ साली तळ्यासाठी शेजारची जमीन घेतली. तळ्यात ओढ्याचे पाणी वळवण्यासाठी त्यांना सरकारी परवानगी मागावी लागली आणि गावकऱ्यांनी विरोध केला, कारण तळ्यात लावायच्या परक्या वनस्पतींमुळे पाणी विषारी होईल अशी त्यांना भीती वाटत होती. १९१२ साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले आणि १९२३ साली शस्त्रक्रिया झाली. भाडेकरू असताना बागेत किती गुंतवायचे हे कसे ठरवलेत, विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांशी पुढे कसे जमले, नजर अधू झाल्यावर कोणती फुले दिसेनाशी झाली, हे प्रश्न या कागदावरूनच सुचतात. त्या व्यक्तीच्या जुन्या मुलाखतीही वाचाव्यात, परंतु प्रश्न मिळवण्यासाठी नव्हे, तर कोणते किस्से आधीच शंभरदा सांगून झाले आहेत हे कळावे आणि ते निघाल्यास बोलणे सौम्यपणे पुढे नेता यावे म्हणून.

वेळ ठरवताना बागमालक ‘फुलांचा बहर आला की या’ असे हमखास सांगतात. शक्य असल्यास बहराच्या थोडे आधी किंवा थोडे नंतर जावे, असे माझे मत आहे. बहरात बाग प्रदर्शनाला मांडलेली असते. मालक वाटाड्या होतो आणि आपण पाहुणे होतो. छाटणी चालू असते, वाफे रिकामे असतात, काही रोपे मरगळलेली असतात, तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ते लपवता येत नाही. छायाचित्रकार या मताशी सहमत होणार नाही, त्यासाठी त्याला वेगळ्या दिवशी पाठवावे. दिवसाची वेळ सकाळची बरी, कारण उजेड मऊ असतो आणि वारा सहसा कमी असतो. स्वीय सहायकाने एक तास दिला असेल, तर त्यातला पाऊण तास बागेत फिरण्यासाठी आणि उरलेला बसून बोलण्यासाठी, असे आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. नाहीतर चहा आणि ओळखीपाळखी यांतच निम्मा वेळ जातो.

उघड्यावर ध्वनिमुद्रण करणे दिवाणखान्यातल्यापेक्षा अवघड असते. कॉलरला लावायच्या माइकवर केसाळ आच्छादन नसेल, तर वाऱ्याच्या झुळकेनेही वाक्येच्या वाक्ये वाया जातात. कारंज्याचा पंप कानाला सुखद वाटतो, पण ध्वनिफितीवर तो बोलण्यावर चढतो, तेव्हा तो बंद करण्याची विनंती निःसंकोच करावी. खडीच्या वाटेवर दोघांची पावले वाजत असतात. म्हणून महत्त्वाचा प्रश्न चालताना विचारू नये, थांबावे आणि मग विचारावा. मोबाइल ‘विमान’ स्थितीत ठेवून त्यावर दुसरे मुद्रणही करावे. सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्राची नसून बोलण्याची असते. बागेत माणूस बोटाने दाखवत बोलतो. ‘हे आईने लावलेले, ते मात्र नंतरचे, आणि त्याच्या पलीकडचे तर मी काढूनच टाकणार होतो,’ हे वाक्य तिथे उभे असताना पूर्ण कळते आणि टेबलाशी बसून ऐकताना त्यातले एकही झाड ओळखता येत नाही. यावर साधा उपाय आहे. त्यांचे वाक्य संपले की आपण मोठ्याने म्हणावे, ‘म्हणजे भिंतीलगतचा हा पारिजातक आईंनी लावलेला, आणि फाटकापाशी आहे तो चाफा नंतरचा.’ चूक असेल तर ते तिथेच दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करताना बहुधा आणखी एक गोष्ट सांगतात. त्याच क्षणी त्या झाडाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, तर वेळेच्या नोंदीवरून मुद्रण आणि झाड यांची सांगड नंतर सहज घालता येते.

प्रश्नांकडे वळू. आवडते फूल कोणते, हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर एका शब्दाचे असते आणि पुढे वाट नसते. इथे आधी काय होते, हा प्रश्न जवळजवळ कधीच वाया जात नाही, कारण त्यात जुना मालक, पडकी भिंत, विकत घेतानाची ओढाताण, वाटणी, असे सारे येऊ शकते. कोणते झाड तुम्ही काढून टाकलेत आणि का, हा त्याहून चांगला. झाड लावण्याची कारणे सगळ्यांची सारखीच असतात, काढण्याची मात्र ज्याची त्याची वेगळी असतात, आणि कित्येकदा घरातल्या कुणाशी झालेला वाद त्यातून बाहेर येतो. भेट म्हणून आलेली रोपे विचारावीत. त्यांतून मैत्र्यांची यादी मिळते, तुटलेल्या मैत्र्यांचीही. कुंपणाविषयी विचारावे. चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन यांना १९८६ साली एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले, आणि त्यानंतर त्यांनी इंग्लंडमधील डंजनेसच्या गोटेरी किनाऱ्यावर जी बाग केली तिला कुंपण नव्हते. नजरेच्या टप्प्यात अणुवीज केंद्र होते. बागेची हद्द कुठे संपते आणि तिच्यापलीकडे काय दिसू द्यायचे, हा निर्णय माणसाविषयी बरेच सांगतो.

आणखी एक प्रश्न मला फलदायी वाटतो: या बागेत असे काय चालू आहे, ज्याचा निकाल अजून लागलेला नाही? निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन १८४२ साली इंग्लंडमधील डाउन या गावी राहायला गेले आणि त्याच वर्षी त्यांनी एका शेताच्या भागावर खडूचे तुकडे पसरवले. गांडुळे वर आणतात त्या मातीखाली ते किती खोल जातात, हे त्यांना पाहायचे होते. १८७१ साली, म्हणजे २९ वर्षांनी, तिथे चर खणला तेव्हा तो पांढरा थर पृष्ठभागापासून सुमारे ७ इंच खाली आढळला. इतकी सबुरी सर्वांकडे नसते, पण प्रत्येक जुन्या बागेत असे काहीतरी अर्धवट चाललेले असते, आणि त्याविषयी बोलताना वय, उरलेला काळ, पुढे कोण पाहील, हे विषय न काढता निघतात.

बोलणे रंगात आले की आपण गप्प बसण्याची सवय ठेवावी. समोरची व्यक्ती वाकून पिवळे पान खुडते, तण उपटते, मुळाची माती झटकते. त्या काही सेकंदांत पुढचा प्रश्न टाकण्याचा मोह होतो आणि नेमके तेव्हाच विचारू नये. हात कामात असले की नजर आपल्याकडे नसते, आणि नजर नसली की जड गोष्ट बोलणे सोपे जाते. बागकाम स्वतः करणाऱ्यांना ‘आज तुम्ही जे काम करणार होता तेच करा, मी सोबत थांबतो’ असे सांगितले तर उत्तम. कात्री कुठे ठेवलेली असते हे मालकाला ठाऊक नसेल, तर तीही माहितीच आहे. त्यावरून त्यांना अडचणीत आणायचे नाही, फक्त पुढचा प्रश्न बदलायचा.

तो प्रश्न म्हणजे इथे प्रत्यक्ष राबते कोण. नामवंतांच्या बागांवरच्या लेखनात ही बाजू सर्रास गाळली जाते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन यांनी १७६६ सालच्या मार्चमध्ये जांभळ्या हायसिंथ या फुलझाडाला फुले येऊ लागल्याची नोंद केली आणि १८२४ पर्यंत ते बागेची टिपणे ठेवत गेले. मॉन्टिचेलो या त्यांच्या मळ्यावरील १००० फूट लांबीच्या भाजीमळ्याचे कौतुक आजही होते. डोंगर उतारावर तो मळा खोदून काढला तो गुलाम मजुरांनी. वर्मली ह्यूज हे तिथले माळी गुलामच होते, आणि १८२६ साली जेफरसन यांची कबरही त्यांनीच खणली. आजच्या मुलाखतीतही माळ्याशी स्वतंत्रपणे बोलण्याची परवानगी मागावी, मालक शेजारी उभा नसताना बोलावे, आणि माळ्याला पसंत असेल तर त्याचे नाव लेखात द्यावे. झाडांची नावे, खताची वेळ, कोणत्या वर्षी पाणी कमी पडले, याबाबत त्याची स्मृती सहसा मालकापेक्षा पक्की असते.

काही झाडे गेलेल्या माणसांच्या नावाने लावलेली असतात. अशा झाडापाशी ते स्वतः थांबले तर थांबावे, नाही थांबले तर आपण थांबवू नये, जरी त्याची माहिती आपल्या कागदावर असली तरी. ‘हे छापू नका’ असे म्हटल्यास मुद्रण बंद करून दाखवावे. खासगीपणाचा दुसरा भाग सुरक्षिततेचा आहे. फाटक, मागची वाट, शेजारचे रस्ते छायाचित्रांत येऊ देऊ नयेत आणि छायाचित्रासोबत आपोआप जाणारी ठिकाणाची माहिती काढून टाकावी.

लिहिताना लेखाचा क्रम सालवार लावण्याऐवजी फेरफटक्याचा ठेवावा. वर्षे पुढेमागे होतात, पण वाचक बागेत राहतो. बाग म्हणजे आयुष्याचे रूपक, हा मोह प्रत्येक मसुद्यात डोके वर काढतो. समोरच्या व्यक्तीने स्वतः तसे म्हटले नसेल तर ती वाक्ये कापावीत. ‘खूप जुना आंबा’ यापेक्षा ‘घर बांधण्याआधीचा, वीज पडून एक फांदी गेलेला आंबा’ असे लिहावे.

वनस्पतींची ओळख जाणकाराकडून तपासून घेणे अनिवार्य आहे. एकाच नावाने निरनिराळी झाडे ओळखली जातात, आणि मालक सांगतो ते नाव रोपवाटिकेतून चुकीचे आलेले असू शकते. माणसाच्या गोष्टीत तारीख चुकली तर एखाददुसरा वाचक लिहितो, झाडाचे नाव चुकले तर अनेक जण लिहितात. त्या व्यक्तीला साले, नावे आणि तिच्या तोंडची अवतरणे तपासायला द्यावीत. संपूर्ण लेख मंजुरीसाठी देण्याचे मात्र सुरुवातीलाच नम्रपणे नाकारावे, म्हणजे पुढे कटुता येत नाही. मूळ मुद्रण पुसू नये. त्यावर व्यक्तीचे नाव, तारीख आणि ते कुठे, कधी वापरता येईल याची तिने दिलेली लेखी संमती जोडून ठेवावी, कारण बागा मालकामागे फार काळ तशाच राहत नाहीत आणि कोणते झाड कुठे होते हे शोधत येणाऱ्यांना बऱ्याचदा एवढाच पुरावा उरलेला असतो.