चॉकलेटचे बदाम घरी करताना

१४ फेब्रुवारीला आपल्या माणसांना देण्यासाठी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची चॉकलेटे घरी करायची असतील, तर २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, त्या आकाराचा साचा आणि स्वयंपाकात वापरायचा थर्मामीटर एवढे साहित्य पुरते. चॉकलेटच्या वेष्टनावरील घटकांत कोको बटर असल्याची खात्री मात्र करून घ्यावी, कारण त्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तेल वापरलेल्या चॉकलेटला ही कृती लागू पडत नाही.

चॉकलेट बारीक चिरून त्यातले एक तृतीयांश बाजूला ठेवावे. उरलेले चॉकलेट कोरड्या भांड्यात घालून ते भांडे वाफाळत्या पाण्याच्या पातेल्यावर अशा बेताने बसवावे, की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. सावकाश ढवळत तापमान ४५ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की भांडे उतरवून त्याचा तळ पुसून घ्यावा. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण पाण्याचे दोन-चार थेंब जरी आत गेले, तरी साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटून पातळ चॉकलेटचा खरबरीत गोळा होतो. सात-आठ वर्षांची असताना मी स्टुलावर उभी राहून मोठ्या उत्साहाने ओला चमचा भांड्यात घातला होता. आई रागावली नाही. तिने त्या गोळ्यात गरम दूध थोडे थोडे घालून तो घोटत घोटत पार सैल केला आणि त्या संध्याकाळी आम्ही भावंडांनी ते पेल्यांतून प्यायलो. बिघडलेल्या चॉकलेटवर मी आजही हाच उपाय करते.

आता बाजूला ठेवलेले तुकडे घालून, तापमान ३१ ते ३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहावे. येथे घाई करू नये, कारण सगळी करामत याच टप्प्यात आहे. कोको बटर सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते. त्यांपैकी पाचव्या रूपामुळेच चॉकलेटला चकाकी येते आणि ते मोडताना टच् असा आवाज होतो. हे रूप सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणून चॉकलेट बोटांत घट्ट राहते आणि जिभेवर विरघळते. न वितळवलेल्या तुकड्यांत ते स्फटिक आधीच असतात आणि दह्याच्या विरजणासारखे ते बाकीच्या चॉकलेटला आपले वळण लावतात. सुरीच्या टोकावर लावलेला पातळ थर पाचेक मिनिटांत चकचकीत होऊन सुकला, तर चॉकलेट तयार झाले असे समजावे.

कोरड्या कापसाने पुसलेल्या साच्यात ते ओतून साचा ओट्यावर हलकेच आपटावा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. हे काम आमच्या घरी नेहमी मुलांकडेच असे, आणि आपण मोठे काहीतरी करत आहोत असे तेव्हा मनापासून वाटे. नंतर साचा १५ ते २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. नीट जमलेले चॉकलेट किंचित आकसते, त्यामुळे साचा पालथा घातला की बदाम आपोआप सुटतात. सुटले नाहीत तर ओढू नयेत, आणखी पाच मिनिटे थांबावे. पांढरट रेघा दिसल्या, तर सगळे पुन्हा वितळवून पहिल्यापासून करता येते.

बदाम डब्यात भरताना कडेने धरावेत, कारण उबदार बोटाचा ठसा चकाकीवर लगेच उमटतो. आमच्या बोटांचे ठसे उमटलेले बदाम आई कधीच बाजूला काढत नसे. ते ती डब्यात सगळ्यांत वर मांडत असे.