वाहक प्लास्टिक मिश्रण : कार्बन ब्लॅक किती आणि कुठे घालावे

इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवायचा ट्रे साध्या पॉलिप्रॉपिलीनचा असेल, तर त्यावर साठलेली स्थिर वीज आतल्या चिपला इजा करू शकते. म्हणून त्या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅकसारखे (काजळीसारखी बारीक कार्बनची भुकटी) वाहक द्रव्य मिसळतात. मात्रा ठरवण्याआधी पृष्ठरोध, म्हणजे पृष्ठभागाचा विजेला होणारा अडथळा, किती हवा, हे लिहून ठेवावे. १० च्या ४ थ्या घाताहून कमी ओहम असलेली वस्तू वाहक मानली जाते, तर तेथून ११ व्या घातापर्यंतची वस्तू स्थिर वीज सावकाश वाहून नेते. ट्रेला बहुधा हा दुसरा गट पुरतो.

मात्रा वाढवत नेली म्हणून वाहकता हळूहळू वाढत नाही. कार्बनचे कण एकमेकांजवळ येऊन त्यांची साखळी जुळेपर्यंत रोध जवळपास तसाच राहतो, आणि ती जुळली की एक-दोन टक्क्यांच्या फरकात तो कित्येक घातांनी कोसळतो. साध्या वाहक श्रेणीच्या कार्बन ब्लॅकला त्यासाठी साधारण १५ ते २५ टक्के लागतात, तर नॅनोट्यूबला (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना) बरेचदा १ ते ४ टक्के पुरतात. नेमका मधला रोध साधायचा असेल, तर आपण या उतारावरच उभे असतो आणि फीडरमधला (यंत्रात कच्चा माल सोडणाऱ्या भागातला) किरकोळ चढउतारही मापन बिघडवतो; त्यामुळे दर एक टक्क्याला नमुना काढून वक्र स्वतः आखणे मला अपरिहार्य वाटते.

मात्रा वाचवण्याचा उत्तम मार्ग मिश्रणातच आहे. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिलीन) यांच्या मिश्रणात कार्बन ब्लॅक एचडीपीईमध्ये राहणे पसंत करते; म्हणून आधी एचडीपीईमध्ये मास्टरबॅच, म्हणजे कार्बनचे दाट मिश्रण, करावा, मग तो पॉलिप्रॉपिलीनमध्ये घालावा, आणि एचडीपीईचे प्रमाण इतके ठेवावे की त्याचा थर तुटक थेंबांचा न होता सलग राहील. तसे झाले, तर सगळा कार्बन त्या एका थरात एकवटतो आणि कमी मात्रेत साखळी जुळते.

दाणे ड्रायरमध्ये नीट सुकवून घ्यावेत, कारण कार्बन ओलावा धरतो आणि त्याचे चट्टे वस्तूवर उमटतात. साचा फार वेगाने भरू नये. वेगामुळे विशेषतः नॅनोट्यूब प्रवाहाच्या दिशेने ओढले जातात, पृष्ठभागावर प्लास्टिकची पातळ कातडी उरते आणि दाण्यांपासून दाबून काढलेली चकती उत्तम वाहक असूनही ट्रेचा रोध जास्त येतो. म्हणून मापन ट्रेवरच, गेटजवळ (जिथून प्लास्टिक साच्यात शिरते तिथे) आणि दूरच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे करावे.

कार्बन वाढला की मिश्रण ताठ होते, पण तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची क्षमता आणि आघातबल घटते, शिवाय वितळलेला प्रवाह जाड होतो. पट्टी हाताने दुमडून पाहिली, तरी हे कळते: कमी मात्रेची पट्टी वाकते, जास्त मात्रेची कट्‌कन मोडते.

कार्बनऐवजी पॉलिअॅनिलिन (स्वतःच वीज वाहू शकणारे पॉलिमर) वापरायचे असल्यास त्याला वाहक बनवणारे आम्ल जपावे लागते. त्याचा वाहक प्रकार हिरवा असतो. अल्कलीयुक्त द्रावणाने धुतल्यास आम्ल निघून जाते, रंग निळा पडतो आणि वाहकताही जाते. ट्रे वारंवार धुतले जाणार असतील, तर मी ते सुचवणार नाही.

हवेतली आर्द्रता शोषून काम करणारी स्थिरवीजरोधक द्रव्ये पावसाळ्यात फसवे, चांगले आकडे देतात. त्यांचे नमुने २३ अंश सेल्सियस आणि १२ टक्के आर्द्रतेत किमान ४८ तास ठेवूनच मोजावेत.