पाय चालू देत नसतील तर हृदय कसं तपासून घ्यावं

रंकाळ्यावर फिरताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळून येते, दोन-पाच मिनिटं थांबलं की सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरते. याला वय किंवा सांधेदुखी म्हणून सोडून देऊ नका. पायाच्या धमन्यांत साचणारा चरबीचा थर हृदयाच्या धमन्यांतही साचतो. या रुग्णांचा जीव बहुधा हार्ट अटॅकने किंवा पक्षाघाताने जातो, पायामुळे क्वचितच.

आधी एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करणारी तपासणी, करून घ्या. दहा मिनिटं उताणं झोपवून दोन्ही दंडांचं आणि घोट्यांचं वरचं प्रेशर हँड डॉप्लरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं हातातलं छोटं यंत्र) मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दोन्ही दंडांपैकी जास्त असेल तो घ्यायचा. घोटा 105, दंड 150, तर उत्तर 0.70. 0.90 किंवा त्याखाली म्हणजे धमनी अरुंद. जुन्या मधुमेहात धमनी कडक होते, पट्ट्याने दबत नाही. मग आकडा 1.40 च्या वर जातो किंवा खोटाच नॉर्मल दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा.

खरी फसगत पुढे आहे. छातीत दुखण्याइतका ताण हृदयावर येण्याआधीच पाय माणसाला थांबवतो, म्हणून "छातीत काही होत नाही" यावर विसंबू नये. टीएमटीचंही (फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याची चाचणी) तेच. 220 वजा वय, त्याच्या 85 टक्के ठोके गाठण्याआधी पायदुखीने थांबलात तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नव्हे, अपुरा. दम लागत असेल, जबडा किंवा डावा हात भरून येत असेल, तर औषधाने ताण देऊन होणाऱ्या डोब्युटामिन स्ट्रेस इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा स्ट्रेस थॅलियमबद्दल (हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं स्कॅन) विचारा. सरसकट अँजिओग्राफी लागत नाही. हृदयाचा त्रास स्थिर असेल तर पायाच्या ऑपरेशनआधी केवळ खबरदारी म्हणून स्टेंट टाकून फायदा होत नाही.

कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, लागतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली हवं. सोबत रक्ताची गुठळी रोखायला बहुधा ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल 75 मिलिग्रॅम असते. चालणं वाढवणारी सिलोस्टाझोल हार्ट फेल्युअरमध्ये चालत नाही, तेव्हा ती सुरू होण्याआधी इको झालाय ना, बघा. विडी, तंबाखू, मिश्री बंद.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आठवड्यातून तीनदा, 30 ते 45 मिनिटं चाला: बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, बसायचं, परत उठायचं. फरक दिसायला तीन महिने लागतात. करकरीत नवी कोल्हापुरी चप्पल मात्र घालू नका; ती चावली तर अशा पायावरची जखम भरत नाही.

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला तर शेकत किंवा चोळत बसू नका. छातीत दुखलं तरी तेच: 108 लावा, लगेच.