किट कारचा स्टार्टर नुसता टक्‌ करत होता, माझा अनुभव

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात लोटस सेव्हनसारखी (छोटी, उघडी स्पोर्ट्स कार) किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, जोडली, इंजिन जुन्या माझ्दा एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारचं. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता टक्‌, इंडिकेटर दिला की हेडलाइटपण मंद व्हायचे. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मग मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि इंजिन ब्लॉकला लावून बायकोला क्रँक मारायला (स्टार्टरची चावी फिरवायला) सांगितलं तर ३ व्होल्ट तिथेच गायब, म्हणजे अर्थच्या वाटेतच अडथळा! अर्थची वायर (बॅटरीचं निगेटिव्ह चॅसीला जोडणारी) घट्ट होती पण चॅसीवर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाचा जाड थर, करंट जाणार कसा. रुपयाएवढी जागा घासून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. पहिल्या चावीला सुरू! आयव्हीए टेस्ट (अशा घरी जोडलेल्या गाडीची सरकारी तपासणी) पास होऊन नंबर मिळाला तेव्हा पहाटेच काढली, रस्ता अगदी बुडाखाली पळतो हो, काय सांगू.