घरबसल्या लाइव्ह मैफल ऐकताय? मग या चुका टाळा

2020 च्या लॉकडाऊनमध्ये शास्त्रीय संगीताच्या मैफली ऑनलाइन व्हायला लागल्या आणि तेव्हापासून नात्यातल्या, सोसायटीतल्या सगळ्यांचा "जरा लाइव्ह लावून दे ना" हा फोन मलाच येतो. मैफल सहाची आणि फोन सहाला पाच कमी असताना! इतकी वर्षं झाली तरी चुका त्याच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे व्हिडिओ कॉलवरून मैफल "शेअर" करणं. आमचे एक काका पुण्यात, मुलगी न्यू जर्सीला, बहीण नाशिकला. काकांनी एकच तिकीट काढलं, टीव्हीवर मैफल लावली आणि समोर लॅपटॉप ठेवून दोघींना कॉलवर घेतलं. पुरिया धनाश्री रागाचा आलाप सुरू झाला. इकडे काका डोळे मिटून बसलेत आणि तिकडे मुलीला तानपुरा ऐकूच येईना, लांब धरलेला सूर मध्येच गायब व्हायचा, परत यायचा. तिला वाटलं गायकाचाच आवाज बसलाय! नाशिकहून मिक्सरचा आवाज, वर "दिसतंय का, ऐकू येतंय का" चालूच. मला फोन आला तोपर्यंत बडा ख्याल (रागाचा संथ लयीतला मोठा भाग) संपत आला होता.

यात नेटचा काही दोष नव्हता. व्हिडिओ कॉलची ॲप बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात, त्यामुळे एकसारखा चालू राहणारा आवाज त्यांना पंख्याचा किंवा एसीचा वाटतो आणि ती तो कापून टाकतात. आता तानपुरा म्हणजे एकसारखा चालू राहणारा आवाजच की. आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, लावलेला ठेहरावसुद्धा तसाच. काही ॲपमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सेटिंग असते, ती चालू करून आणि स्क्रीनबरोबर कॉम्प्युटरचा आवाज थेट शेअर करून थोडं सुधारतं, पण मी तो उद्योग करत नाही. प्रत्येकाने आपापलं तिकीट काढायचं, आपापल्या घरी लावायचं आणि दाद व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यायची. एका तिकिटावर तीन घरं ऐकणार हे मला पटतही नाही, साथीदारांसकट सगळ्यांचं पोट त्यावर असतं. (ग्रुपवर एवढं लक्षात ठेवा की प्रत्येकाचं स्ट्रीम काही सेकंद पुढेमागे असतं, तुमच्याकडे सम (तालाची पहिली मात्रा) यायच्या आधीच कुणाची तरी "वाह" येऊन पडेल.)

दुसरी चूक टीव्हीच्या सेटिंगची. ऑटो व्हॉल्यूम, क्लिअर व्हॉइस, सराउंड, असलं सगळं चालू ठेवतात आणि मग म्हणतात लाइव्हमध्ये मजा नाही. अहो, ऑटो व्हॉल्यूम बारीक आवाज वर ओढतो आणि मोठा आवाज दाबतो. म्हणजे मंद्रातला (खालच्या सप्तकातला) हळुवार आलाप आणि तार षड्जाची पुकार दोन्ही एकाच मापात, गायक श्वास घ्यायला थांबला की तानपुरा अंगावर येतो. क्लिअर व्हॉइसमध्ये खालचे सूर कमी होतात आणि डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याचा) घुमारा जातो. सगळं बंद करा, साउंड मोड स्टँडर्ड किंवा म्युझिक ठेवा. पातळ टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून डग्गा तसाही नीट येत नाही, साधे वायरचे बरे हेडफोन त्याहून कितीतरी चांगले. मी मैफलीच्या अर्धा तास आधी माझ्या अगदी ओळखीचं एक रेकॉर्डिंग लावतो, तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकार) आणि डग्ग्याची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा नाद) दोन्ही ऐकू आली की मगच चहा ठेवतो.

ब्लूटूथ स्पीकरवर कधीकधी आवाज चित्राच्या मागे पडतो, तबलजीचा हात पडून गेल्यावर बोल ऐकू येतो. केबल लावा, विषय संपला.

फोनची स्क्रीन टीव्हीवर मिरर करू नका, ऐन समेला कुणाचा तरी कॉल येतो. टीव्हीतलंच ॲप वापरा.

नेट अडखळत असेल तर चित्राची क्वालिटी स्वतःहून 480 वर आणा. एचडी चित्राला 4-5 एमबीपीएस लागतात, आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. चेहरा थोडा धूसर दिसला तरी चालतो, तुटलेली तान चालत नाही.

फेसबुकवर कमेंटमध्ये येणाऱ्या "फ्री लाइव्ह" लिंकवर कार्डाचा नंबर अजिबात देऊ नका, आयोजकांच्या पेजवरूनच तिकीट घ्या.

आता ज्याची मला खरी चीड येते ते. उशिरा जॉइन व्हायचं, मागे जायचं आणि लाइव्ह गाठायला स्पीड दीडपट करायचा! विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, कधीकधी जवळजवळ मिनिटभराचं असतं, त्या मोकळ्या जागेतच तर गाणं घडतं. दीडपटीत सूर तोच राहतो पण लय मोडते आणि मींड खरखरीत होते. आलाप स्किप करून थेट तराण्यावर जाणारेही असतात, त्यांना मी कितीदा सांगितलंय की निदान एकदा पहिली वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. उशीर झालाच तर जिथे चालू आहे तिथून ऐका, राहिलेलं रिप्लेमध्ये, वाढवलेल्या स्पीडने नाही, मूळ लयीत.

परदेशातल्यांसाठी एक. भारतातली संध्याकाळची सहाची मैफल न्यू जर्सीला हिवाळ्यात सकाळी साडेसातला असते आणि उन्हाळ्यात साडेआठला, कारण तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात आणि आपली नाही. दरवर्षी नोव्हेंबरात कुणीतरी तासभर चुकतंच. आणि सकाळी ऑफिसच्या गडबडीत मारव्यासारखा संध्याकाळचा राग ऐकण्यापेक्षा मी तर म्हणेन संध्याकाळी दिवेलागणीला रिप्ले लावा. फक्त तिकीट घेतानाच रिप्ले किती तास उपलब्ध आहे आणि ती मुदत भारताच्या वेळेने संपते की तुमच्या, एवढं बघून घ्या.