ट्रे बाहेर येत नाही? ड्राइव्ह टाकून देण्याआधी बेल्ट बघा

मिरजेत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात तंबोरे करणारे एक काका कापडी पिशवीतून संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन आले. आत सीडी अडकलेली. तिच्यावर 2004 साली त्यांच्या घरी झालेल्या बैठकीचं रेकॉर्डिंग, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. आधी ज्यांच्याकडे नेला होता त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून ट्रे उचकटायचा प्रयत्न केलेला. समोरच्या पट्टीवर ओरखडे आणि ट्रेखालच्या रॅकचे, म्हणजे दात्यांच्या सरळ पट्टीचे, दोन दाते मोडलेले. सीडी सुखरूप निघाली, पण ट्रे मात्र दुसऱ्या बंद पडलेल्या ड्राइव्हमधून काढून बसवावा लागला. मूळ बिघाड होता एका सैल पडलेल्या रबरी बेल्टचा.

असे ड्राइव्ह अजूनही येतात. लग्नाच्या व्हीसीडी, डॉक्टरांनी दिलेले स्कॅन, जुने फोटो, सगळं त्या डिस्कवर असतं. म्हणून कुणालाही घरी जमेल अशा बेतानं लिहिते आहे. मी धरून चालते तो टेबलावरच्या संगणकातला जाड ड्राइव्ह. घरच्या डीव्हीडी प्लेअरमधली ट्रेची रचनाही जवळपास तशीच असते.

आधी बटण दाबा आणि कान द्या. आवाज नाही आणि दिवाही लागत नाही, तर वीजच पोचत नाही, केबल तपासा. दिवा लागतो, आतून दोन-तीन सेकंद बारीक घुर्र असा आवाज येतो आणि थांबतो, ट्रे जागचा हलत नाही, तर मोटर फिरते आहे आणि बेल्ट घसरतो आहे. ट्रे बोटभर बाहेर येऊन परत आत गेला तरी पहिला संशय बेल्टवरच घ्या. टक-टक-टक असा ठेका ऐकू आला तर दाता मोडलाय किंवा गिअरमध्ये काहीतरी अडकलंय, मग परत परत बटण दाबू नका, एकेका दाबाला आणखी दाते झिजतात.

एका खुणेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. आत डिस्क असताना ट्रे उघडतो, पण रिकामा असला की उघडत नाही. लोकांना हे उलटं वाटतं, डिस्क असताना जास्त अडायला हवं ना? कारण कळायला आतली रचना समजून घ्यावी लागेल.

सीडी 120 मिलिमीटर रुंद, 1.2 मिलिमीटर जाड, आणि मधलं भोक 15 मिलिमीटरचं. या भोकात खालून फिरकीचा गोल माथा शिरतो आणि डिस्क फिरवतो. आता अडचण बघा. माथा वर आलेला असेल तर ट्रे आत येऊच शकणार नाही, त्याला धडकेल. म्हणून ट्रे आत येईपर्यंत फिरकी खाली दबून बसते आणि ट्रे पुरता आत आला की वर येते. उघडताना उलटा क्रम. 1982 मध्ये जपानमध्ये सोनीचा सीडीपी-101 हा सीडी प्लेअर आला, त्यात सुरुवातीपासून असा सरकणारा ट्रे होता. फिलिप्सच्या सीडी100 ला मात्र वरून उघडायचं झाकण होतं. झाकण असलं की ही उठबस करावीच लागत नाही, डिस्क आपण हातानं फिरकीवर ठेवतो.

ट्रेवाल्या ड्राइव्हमधली मला मनापासून आवडणारी गोष्ट ही, की ट्रे सरकवणं आणि फिरकी उचलणं ही दोन्ही कामं एकच मोटर करते. मोटरच्या पुलीवरून बेल्ट मोठ्या पुलीवर जातो, तिथून एक-दोन गिअर, आणि शेवटचा गिअर ट्रेखालच्या रॅकमध्ये. ट्रे आत येत येत शेवटच्या टप्प्याला पोचला, की त्याच्या पोटाखालची वळणदार खाच एका प्लॅस्टिकच्या पट्टीला आडवं सरकवते. या पट्टीला आम्ही स्लायडर म्हणतो. स्लायडरलाही दाते असतात. तो थोडा सरकला की त्याचे दाते गिअरमध्ये येतात, ट्रेचे दाते संपतात, आणि तोच गिअर आता ट्रेऐवजी स्लायडर ओढू लागतो. स्लायडरच्या उभ्या भिंतीवर तिरकी खाच असते, जिन्याच्या कठड्यासारखी चढती. फिरकी आणि लेन्स ज्या चौकटीवर बसवलेली असतात तिला पुढच्या बाजूनं दोन खुंट्या असतात. स्लायडर आडवा सरकतो तशा खुंट्या खाचेतून वर चढतात आणि चौकटीचा पुढचा भाग उचलला जातो. मागचा भाग बिजागरीसारखा जागच्या जागी.

वर आडव्या पुलावर एक लहान गोल चकती सैल लटकलेली असते, तिला क्लॅम्प म्हणायचं. क्लॅम्प आणि फिरकी यांतल्या एकात चुंबक असतं, दुसऱ्यात लोखंड. फिरकी वर आली की दोन्ही एकमेकांना ओढतात आणि डिस्क मध्ये पक्की धरली जाते. आता ती खूण उलगडेल. डिस्क मध्ये असते तेव्हा चुंबक आणि लोखंड यांत तिच्या जाडीचं अंतर राहतं. डिस्क नसली की दोन्ही जवळजवळ चिकटतात आणि ओढ कितीतरी वाढते. ती तोडून फिरकी खाली आणायला मोटरला जोर लागतो आणि सैल बेल्ट नेमका तिथेच घसरतो. काकांचा ड्राइव्हही आधी महिनाभर रिकामा असताना अडत होता. त्यांनी तेव्हाच आणला असता तर दाते वाचले असते. (तोवर उपाय म्हणून आत एखादी टाकाऊ डिस्क ठेवून द्या, ट्रे उघडत राहतो.)

पहिलं काम, आतली डिस्क काढणं. संगणक बंद करा, केबल काढा, डिस्क थांबायला अर्धा मिनिट जाऊ द्या. ही घाई नको. 52 एक्सच्या, म्हणजे गाण्याच्या मूळ वेगाच्या 52 पटीपर्यंत वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेते, म्हणजे तिची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं पळत असते. समोर ट्रेच्या खाली टाचणी जाईल एवढं भोक दिसेल. कागदाची क्लिप सरळ करून, तिरकी न धरता, त्यात घाला. आत काहीतरी सरकल्याची जाणीव बोटाला होते, तो स्लायडर असतो. फिरकी खाली येते, ट्रे थोडासा पुढे येतो, मग बोटांनी हळू ओढून घ्या. एका दाबात नाही आला तर परत दाबा. क्लिप जोरात ठोसू नका. स्क्रू ड्रायव्हर तर नकोच, कारण फिरकी वर असताना ट्रे ओढला की सगळा जोर दात्यांवर आणि डिस्कच्या मधल्या भोकावर येतो.

ट्रे बाहेर असतानाच त्याची पुढची पट्टी वर सरकवून काढा. ही आधी काढली नाही तर समोरचा मोठा मुखवटा निघत नाही. ड्राइव्ह उलटा करा, खालचे चार स्क्रू काढा, पत्र्याचं झाकण उचला. मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली चिमटे असतात, ते नखानं दाबत मुखवटा सोडवा. मग वरचा पत्रा सरकून निघतो. चपट्या पांढऱ्या केबलींना हात लावू नका, या कामात त्यांची गरज नाही. घरच्या डीव्हीडी प्लेअरचं काम असेल तर एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. त्यात घरच्या विजेचा पुरवठा थेट आत येतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज उरते. प्लग काढून चांगली दहा मिनिटं थांबा आणि त्या भागाला हात लावू नका. आणि उघडा ड्राइव्ह चालू करून लेन्सकडे कधीही डोळे लावू नका. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा असतो, तो जवळजवळ दिसतच नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

ट्रे पुरता ओढला की पुढच्या कोपऱ्यात दोन पुल्या आणि त्यांवरचा काळा बेल्ट दिसेल. चिमट्यानं अलगद काढा. चांगला बेल्ट निस्तेज काळा असतो आणि काढल्यावर गोल होतो. गेलेला बेल्ट चकचकीत दिसतो, बोटांत निसटतो आणि टेबलावर ठेवला तरी पुल्यांचा लंबगोल आकार सोडत नाही. रबर विरघळून पुलीला डांबरासारखं चिकटलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकाडीनं दोन्ही पुल्यांच्या खाचा लख्ख होईपर्यंत पुसा. बेल्ट नवा आणि पुली चिकट राहिली तर आठवड्यात तीच तक्रार परत येते.

नव्या बेल्टचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. शिवणाचा दोरा दोन्ही पुल्यांच्या खाचेतून एक वेढा फिरवा, जिथे टोकं भेटतात तिथे खूण करा, पट्टीवर मोजा. समजा 84 मिलिमीटर भरला. त्यातून साधारण आठ टक्के वजा करा, 77 राहिले. दुकानात व्यास विचारतात, म्हणून 3.14 नं भागा, साडेचोवीस मिलिमीटर. जाडी जुन्या बेल्टइतकीच आणि काप चौकोनीच घ्या, चौकोनी खाचेत गोल बेल्ट नीट धरत नाही. फार घट्ट बेल्ट बसवायचा मोह टाळा. मोटरचा दांडा एका बाजूला ओढला जातो, ती तापते, कण्हते. बसवल्यावर चिमट्यानं पुली एक फेरी फिरवून बघा, बेल्टला पीळ असेल तर लगेच दिसतो.

जुना बेल्ट गरम पाण्यात टाकून आखडवायची युक्ती खरी आहे, मीही करते, पण फक्त अडकलेल्या डिस्का काढून त्यांची प्रत करून घेण्यापुरती. काही आठवड्यांत तो परत सैल पडतो.

पुष्कळजण विचारतात, कंपन्या इथे रबर घालतातच कशाला, सरळ गिअर का नाही? बेल्ट आहे म्हणूनच लहान मुलाचं बोट ट्रेमध्ये सापडलं तर बेल्ट घसरतो आणि बोट वाचतं. ट्रेसमोर काही आडवं आलं तरी दाते मोडत नाहीत. शिवाय मोटरची थरथर आणि आवाज पुढे कमी पोचतो. घसरणं हे त्याला नेमून दिलेलं काम आहे. वर्षांनुवर्षांनी तो बदलायचा हे त्या रचनेतच धरलेलं आहे, आणि बदलायची वेळ आली की आपण सगळा ड्राइव्हच टाकून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ट्रे उघडलाच आहे तर जुनं ग्रीसही बघा. ट्रेच्या दोन्ही कडांवर आणि स्लायडरच्या तिरक्या खाचेत ते पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं असतं. पुसून काढा आणि प्लॅस्टिकला चालणारं सिलिकोन ग्रीस काडीच्या टोकावर येईल एवढंच लावा. शिलाई मशीनचं तेल नको, गंज सोडवायचा फवारा तर मुळीच नको. तो उडून बेल्टवर बसतो आणि काही प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात.

जोडताना एकच जागा खरी जोखमीची. ट्रे परत घालण्याआधी स्लायडर फिरकी खाली असण्याच्या टोकाला हवा. सुरुवातीच्या काळात मी तो अर्धवट राहिलेला असतानाच ट्रे ढकलला होता. गिअरनं दोन्हीकडचे दाते एकदम पकडले आणि रॅकचा पहिला दाता उडाला. ड्राइव्ह एका विद्यार्थिनीचा होता, तिला मी माझ्याकडचा दुसरा दिला. तेव्हापासून वीज जोडण्याआधी मोठा गिअर बोटानं फिरवून ट्रे एकदा पुरता आत आणि एकदा पुरता बाहेर नेते. आत जाताना शेवटी चौकट उचलली जाताना दिसली पाहिजे आणि टिक असा क्लॅम्प बसल्याचा आवाज आला पाहिजे. तो आला की मगच पत्रा चढवा. वीज जोडल्यावर ट्रे आत जाऊन लगेच आपोआप बाहेर येत असेल, तर ट्रे पुरता आत आल्याचं सांगणारा छोटा स्विच दाबला जात नाहीये. त्याची पाती वाकली आहे का, किंवा ग्रीस आणि धुळीनं चिकटली आहे का, ते पाहा.

लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह वेगळा. 12.7 किंवा 9.5 मिलिमीटरच्या जाडीत ट्रे ओढायची मोटर नसते, बेल्टही नसतो. बटण दाबलं की खटका सुटतो, स्प्रिंग ट्रेला थोडं पुढे ढकलते, बाकी ओढायचं आपण. वरचा क्लॅम्पही नाही. फिरकीच्या माथ्यावरच तीन स्प्रिंगच्या घुंड्या असतात, डिस्क त्यांच्यावर खट आवाज होईपर्यंत दाबावी लागते. इथे नेहमीची चूक कडेला दाबायची. ट्रेखाली दुसरा हात आधाराला धरा आणि भोकाच्या अगदी जवळ दोन बोटांनी दाबा. काढताना माथ्यावर अंगठा ठेवून कड उचला.

गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये रबरी रोलर डिस्क आत ओढून घेतो. त्यात 80 मिलिमीटरची छोटी सीडी घालू नका, आणि कागदी लेबल चिकटवलेली तर नकोच. उन्हानं गाडी तापली की लेबलची कड सुटते आणि रोलरभोवती गुंडाळते. असा प्लेअर उघडायचं काम घरी करू नका, आतले तरफांचे हात कुठल्या क्रमानं बसतात ते चुकलं तर डिस्क परत बाहेर येत नाही.

शेवटी डिस्क घालण्याआधी मधल्या भोकाभोवती बघा. ट्रे उचकटलेल्या डिस्कांना तिथे केसाएवढ्या चिरा असतात. दिव्यासमोर तिरकी धरली की दिसतात. चीर बाहेरच्या बाजूला पसरलेली असेल तर ती डिस्क वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नका, आत फुटू शकते. काकांच्या सीडीला एक चीर होती, पारदर्शक भागापुरतीच. मी ती संगणकात घातली नाही. जुन्या म्युझिक प्लेअरमध्ये गाण्याच्या मूळ वेगानं लावली, तिथे डिस्क मिनिटाला 500 ते 200 फेऱ्यांतच फिरते, आणि ऑडिओची तार जोडून तासाभराची बैठक संगणकात उतरवून घेतली. काका तोवर बाकावर बसून ऐकत होते.