दोन रॉकवाले शेजारी ठेवून कसे ऐकायचे

माझा भाचा परभणीत अकरावीला आहे. मागच्या उन्हाळ्यात गंगाखेडच्या एका लग्नाला टेम्पोत साऊंड भरून निघालो होतो. पोखर्णी यायच्या आतच त्याचं सुरू झालं, "मामा, हेंड्रिक्स भारी का ब्रायन मे?" हे दोघं इंग्रजी रॉक गाण्यांतले गाजलेले गिटारवाले. मी म्हटलं, बाबा, 'भारी कोण' हे कुस्तीत विचारतात. गाण्यात 'वेगळं काय' हे विचारायचं. मग गंगाखेडपर्यंत जे सांगितलं, ते हे.

आधी मोबाईलमधला इक्वलायझर आणि बास बूस्ट, म्हणजे आवाजाचं रूप बदलणारी बटणं, बंद करा. दोन्ही गाण्यांचा आवाज कानाला सारखा लागेल एवढा जुळवून घ्या, कारण जे मोठ्यानं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं. नवीन होतो तेव्हा मी सप्त्यात सगळ्यांना सारखाच इको लावायचो, भरपूर. एक म्हातारे बुवा कीर्तन संपल्यावर मिक्सरपाशी आले नि म्हणाले, "माझा आवाज मला परत द्या की." तेव्हापासून हात आखडता आहे.

मग गाणं एकच घ्या. सप्त्यात रोज वेगळे बुवा येतात, रूपाचा अभंग मात्र तोच. तरी मांडवामागं डोळे मिटून बसलं की कोण गातंय ते कळतं. एक जण शब्द समेच्या आधीच सोडतो, दुसरा समेवर येऊन थांबतो, तिसरा माईक गिळायलाच निघतो. रॉकमध्ये यासाठी 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' घ्या. अमेरिकेतल्या बॉब डिलन या गायकानं ते 1967 मध्ये केलं: साधी गिटार, माऊथ ऑर्गन, बास गिटार, ड्रम, अडीच मिनिटांत काम संपलं. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सनं तेच गाणं घेतलं. शब्द तेच, तीनच कडवी, पण मधे गिटार घुसते आणि चार मिनिटांचं वादळ होतं. डिलन पुढं स्वतःच कार्यक्रमात ते हेंड्रिक्सच्या अंगानं वाजवायला लागला. एकदा नुसते शब्द ऐका, एकदा नुसती गिटार. दोन्ही एकदम ऐकू गेलात तर काहीच हाती लागत नाही.

आता माझा आवडता मुद्दा. माईकनं शिट्टी मारली की साऊंडवाल्याची इज्जत जाते. कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवून परत कर्ण्यात सोडतं, असं फिरत फिरत एकच सूर माजतो. मी पंचवीस वर्षं त्या शिट्टीशी भांडतोय. हेंड्रिक्सनं मात्र तिला पाळली. स्पीकरच्या आवाजानंच गिटारची तार थरथरत राहते. स्पीकरपासून किती लांब उभं राहायचं, कुठल्या बाजूला वळायचं, यावर तो सूर धरायचा, वाकवायचा, सोडायचा. 1969 च्या ऑगस्टमध्ये वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत असं वाजवलं की शिट्टी कुठं संपते नि सूर कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही. त्यातून माणूस डावरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा, तारा बदलून लावायचा, त्यामुळं बटणं वरच्या अंगाला यायची. म्हणून म्हणतो, दुसऱ्यानं जे चूक म्हणून टाळलं, ते यानं कुठं ठेवलंय, तिथं बघा.

मग हात बघा. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढं तारा सैलही केल्या. तो जड, खोल आवाज असा जमत गेला. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं तर वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. वाजवतो तार छेडायच्या प्लॅस्टिकच्या पिकनं नाही, सहा पेन्सच्या नाण्यानं. नाणं वाकत नाही, त्यामुळं बोटांचा जोर सरळ तारेवर उतरतो. हे वाचून पुढं जाऊ नका, करून बघा. भाच्यानं नंतर घरात पडलेलं चार आण्याचं नाणं काढून गिटारवर मारून बघितलं. तीच तार, तोच सूर, पण सुरुवातीला एक बारीक खरखर आली. पोरगं दहा मिनिटं तेच करत बसलं.

ड्रमसाठी मात्र डोळे लागतात. व्हिडिओचा आवाज बंद करा आणि रोलिंग स्टोन्स बँडचा ड्रमवाला चार्ली वॉट्स याचा उजवा हात बघा. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या खरखरणाऱ्या ड्रमवर, डावा हात पडतो त्या क्षणी तो हाय-हॅटवरचा, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांवरचा, हात उचलतो. बहुतेक जण दोन्ही हाणतात. ती एवढीशी मोकळी जागाच त्याची चाल. त्याच्यासमोर लेड झेपेलिन बँडचा जॉन बोनम ठेवा, 1971 च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं. ड्रम एका जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि माईक वर जिन्यात टांगले. देवळाच्या सभामंडपात पखवाज ऐकलाय ना, तसं. म्हणजे अर्धी शैली माणसाची, अर्धी त्या जिन्याची, हेही मोजायला हवं.

कपड्यांना फार भुलू नका. एसी-डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग शाळेच्या गणवेशात नाचतो. डोळे मिटा, तरी उजवा हात ओळखू येतो. बऱ्याच जणांचे कपडे काढले की मागं काही उरत नाही, नावं घेत नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी वेगळा. पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा पोरगा अर्धाच माईकस्टँड हातात घेऊन फिरायचा. 13 जुलै 1985 ला लाइव्ह एडच्या कार्यक्रमात तो "ए-ओ" म्हणतो आणि वेम्ब्लीचं मैदान ते झेलतं. बुवानं गजर द्यावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तसंच.

लग्नात मी मशीन लावत होतो. वरात आली. भाचा वायर धरून तसाच उभा.

"काय झालं रे?"

"मामा, त्यो संबळवाला डावरा हाय. बघा की, काठ्या त्यानं उलट्या हातात धरल्यात."